साठ टक्के अपंगत्व म्हणजे किती भरपाई?

नगर-मनमाड महामार्ग राहात्यातून जातो. या रस्त्यावर अपघातात हात-पाय गमावलेला माणूस भरपाईचा दावा लावतो, तेव्हा घरच्यांचा सगळा जीव डॉक्टरांच्या अपंगत्व प्रमाणपत्रात अडकलेला असतो. त्यावर ६० टक्के लिहिले की कमाईचे नुकसानही ६० टक्के धरले जाणार, अशी पक्की समजूत असते. ती चुकीची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात डॉक्टरांच्या साक्षीची हद्द आखून दिली. शरीराला कायमचे अपंगत्व किती आले, एवढेच डॉक्टरांनी सांगायचे. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे अपघात दावा न्यायाधिकरण सगळा पुरावा पाहून ठरवणार. न्यायालयाने उदाहरणही दिले आहे: डावा हात तुटला तर अपंगत्व सुमारे ६० टक्के, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. राहात्याच्या पेरूबागेत तोडणी करणाऱ्या मजुराला हे थेट लागू पडते. त्याचे काम दोन हातांचे आहे, हे डॉक्टर सिद्ध करून देत नाहीत. त्यासाठी बागमालकाची किंवा सोबतच्या मजुरांची साक्ष लागते, आणि नेमकी तीच बाजू दुबळी राहिली तर माणसाच्या हक्काचे पैसे बुडतात.

टक्केवारीतही एक खाच आहे. पायाचे ४५ टक्के अपंगत्व म्हणजे पूर्ण शरीराचे ४५ टक्के होत नाही. राजकुमारच्या दाव्यात प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचे होते. न्यायालयाने कमाईतली घट २० टक्के धरली.

प्रमाणपत्र नुसते जोडले की काम झाले, हाही गैरसमजच. उपचार करणारे किंवा तपासून टक्केवारी ठरवणारे डॉक्टर उलटतपासणीसाठी हजर झाले नाहीत, तर त्या आकड्याला पुराव्याचे मोल येत नाही, असे याच निकालात म्हटले आहे.

मग डॉक्टर बोलले की न्यायाधीशांचे हात बांधले जातात का? नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी १८७२ च्या कायद्याचे कलम ४५) तज्ज्ञाचे मत विचारात घेण्याजोगे असते, बंधनकारक नसते. त्यामागची कारणे पटली तरच त्याला वजन.

याचा जुना दाखला पुण्यातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या तरुणाची मांडी मोडली. पुण्याच्या रुग्णालयात हाड बसवले गेले आणि त्याच रात्री तो दगावला. रक्तवाहिनीत चरबीची गुठळी अडकल्याने मृत्यू, असे प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिले. वडील स्वतः डॉक्टर होते; त्यांनी नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. भूल न देता जोर लावून हाड ओढल्याच्या धक्क्याने मृत्यू झाला, हा न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिला. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या नावाने तो निकाल आजही दाखवला जातो. भरपाई मात्र अवघी ३,००० रुपये मिळाली.