वादळापूर्वीचे चोवीस तास

बशीतला गरम चहा फुंकर मारून गार करताना तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. फुंकरीच्या जोराने चहा समोरच्या काठाकडे सरकतो आणि तिथे थोडा वर चढतो. फुंकर जोराची असेल तर सांडतोही! आता बशीच्या जागी बंगालचा उपसागर आणि फुंकरीच्या जागी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाचा वारा आहे, अशी कल्पना करा. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, किनाऱ्यावर असेच घडले. त्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मृत्यू पावली.

पाणी इतके का चढते?

हवेचा नेहमीचा दाब सुमारे १००० मिलिबार असतो. एवढा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, हे तुम्ही शिकला आहातच. यावरून हिशेब करा. दाब १ मिलिबारने उतरला, तर समुद्राचे पाणी सुमारे १ सेंटिमीटर वर येईल. मोठ्या चक्रीवादळाच्या केंद्रात दाब ६०-७० मिलिबारने कमी असू शकतो. म्हणजे पाणी चढेल ६०-७० सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या कमरेलाही ते लागणार नाही. पण १९७० साली पाण्याचा फुगवटा सुमारे ६ मीटर, म्हणजे दुमजली घराएवढा होता. मग बाकीचे पाणी आले कोठून?

ते वाऱ्याने आणले. खोल समुद्रात वाऱ्याने पुढे लोटलेले पाणी तळाकडून मागे परतू शकते. उथळ समुद्रात त्याला परतीची वाट पुरेशी मिळत नाही आणि ते किनाऱ्याशी साचत जाते. बंगालच्या उपसागराचे उत्तरेकडील टोक उथळ आहे आणि नरसाळ्यासारखे निमुळतेही आहे. त्यात त्या रात्री भरतीची वेळ साधली. किनाऱ्यावरची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. माणसांनी जायचे तरी कोठे?

उपग्रहाने पाहिले, पण...

हे वादळ अचानक आले होते काय? नाही. कृत्रिम उपग्रहांनी त्याची छायाचित्रे घेतली होती. रेडिओवरून सूचनाही दिल्या गेल्या. पण अनेक खेड्यांत त्या पोचल्याच नाहीत, आणि जिथे पोचल्या तिथे संकट केवढे आहे हे लोकांना उमगले नाही. माहिती होती, पण उपग्रहापासून झोपडीपर्यंतच्या साखळीची शेवटची कडीच नव्हती.

ही कडी घडवण्यासाठी १९७२ साली रेडक्रॉसने बांगलादेशात चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी तेथील सरकारही त्यात सहभागी झाले. गावोगावची साधी माणसे स्वयंसेवक म्हणून निवडण्यात आली. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन निशाणे उंच चढवायची. कर्णा घेऊन दारोदार फिरायचे. म्हाताऱ्यांना आणि मुलांना निवाऱ्यात न्यायचे. जखमींवर प्रथमोपचार करायचे. प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले. या वेळी इशारा पोचला होता. पण निवारे फार थोडे होते. शिवाय, घर आणि गुरे टाकून जायला लोक तयार नव्हते. निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी जागा नसल्याने अनेक जणी घरीच थांबल्या. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण फार मोठे होते. तेव्हा कळले, की ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून भागत नाही. ते का निघत नाहीत हे विचारावे लागते. पुढे निवारे वाढले, त्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या आल्या, गुरांसाठी मातीचे उंच ओटे वाढवले गेले. आज या कार्यक्रमात ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत.

वेळेची वजाबाकी

आता एक उदाहरण सोडवू. समजा, वादळ किनाऱ्यापासून ४८० किलोमीटरवर आहे आणि ताशी २० किलोमीटर वेगाने येत आहे. हाती किती वेळ आहे? २४ तास, असे तुम्ही चटकन सांगाल. पण जरा थांबा. केंद्र येण्याच्या ६ तास आधीच वारा इतका वाढेल, की होड्या चालणार नाहीत. राहिले १८. निरोप सर्व गावांत पोचायला ४ तास. राहिले १४. माणसे निवाऱ्यात न्यायला १० तास. उरले फक्त ४!

म्हणजे मदतकार्याच्या प्रमुखाने या चार तासांत ‘निघा’ असा हुकूम दिला पाहिजे. पण या वेळी वादळ नेमके कोठे धडकेल हे निश्चित नसते. किनारा अजून शेकडो किलोमीटर दूर असतो आणि वादळ वाट बदलू शकते. पूर्ण खात्रीची वाट पाहिली तर वेळ संपतो. लवकर हुकूम दिला आणि वादळ दुसरीकडे गेले, तर लोक नाराज होतात आणि पुढच्या वेळी हलत नाहीत. एकीकडे गैरसोय, दुसरीकडे प्राण. म्हणून कोणत्या क्रमांकाच्या इशाऱ्याला काय करायचे हे शांतपणे, आधीच ठरवून ठेवतात. निवाऱ्याची किल्ली कोणाकडे, चालू न शकणारी माणसे कोणत्या घरी, पिण्याचे पाणी किती साठवायचे, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. वादळ ओसरल्यावर तळी आणि विहिरी खाऱ्या होतात, रोगराई पसरू शकते. तेव्हा स्वच्छ पाण्याची सोय अन्नाइतकीच निकडीची असते.

१५ नोव्हेंबर २००७ रोजी ‘सिद्र’ हे अतितीव्र वादळ बांगलादेशावर आले. त्यात सुमारे ३,४०० माणसे गेली. ही संख्या लहान नाही. पण १९७० शी ताडून पाहा. अर्थात दोन वादळे कधी अगदी सारखी नसतात. ‘सिद्र’चा काही मारा सुंदरबनाच्या दाट जंगलाने सोसला. तरीही इशारा, निवारे आणि स्वयंसेवक नसते तर काय झाले असते, हे सांगायला नको. वारा तोच, समुद्र तोच; बदलली ती माणसांची तयारी.

आपल्याकडेही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते. म्हणून एक प्रयोग करा. शिक्षकांच्या परवानगीने घड्याळ लावून पाहा: घंटा झाल्यापासून तुमच्या शाळेतील शेवटचा विद्यार्थी मैदानावर यायला किती मिनिटे लागतात? पाय दुखावलेल्या मित्राला कोण आणणार, हे ठरले होते का? नसेल ठरले, तर आजच ठरवा. पुढच्या महिन्यात पुन्हा वेळ मोजा. जितकी मिनिटे वाचतील, तितकी तुमची तयारी वाढली असे समजा.