अंगावरचं दूध : सांगणं वेगळं, दाखवणं वेगळं

म्हैस व्याली की आपण काय करतो? पारडू पुसून कोरडं करतो आणि लगेच सडाला लावतो. चीक पोटात गेल्याशिवाय ते धरत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याच घरात सून बाळंत झाली की तिचं पहिलं पिवळसर दूध 'जड असतं' म्हणून पिळून टाकायला लावणाऱ्या आजीबाई अजूनही भेटतात. वर बाळाच्या तोंडात मधाचं बोट! वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. आणि ते पिवळं दूध म्हणजेच बाळाचा चीक. चमचाभरच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी लागलं पाहिजे.

शेतीच्या पत्रकात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकी-सुना मुंबईच्या उपनगरांत नांदतात. घाटकोपर-मुलुंडच्या टेकडीवरच्या चाळीत, अंधेरी-बोरिवलीच्या वस्तीत. पहिलं बाळंतपण माहेरी गावात होतं आणि दोन-तीन महिन्यांनी पोर बाळाला घेऊन दहा बाय दहाच्या खोलीत परत जाते. गावात तिला आशाताई भेटते, मुंबईत महापालिकेची आरोग्य सेविका. या दोघींना काय शिकवलंय, याला फार महत्त्व आहे.

आईचं दूध उत्तम, सहा महिने दुसरं काही नको, उन्हाळ्यातसुद्धा पाणी नको, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्याहून जास्तही पाजावं, हे सेविका पाठ म्हणून दाखवते. आई म्हणते, "ताई, पटतंय हो, पण मला दूधच येत नाही." इथे ताई अडते. मग शेजारीण पावडरचा डबा सुचवते. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. पाणी धड उकळलेलं नाही, बाटलीचं बूच धड धुतलेलं नाही. हगवण लागली की बाळ आठ दिवसांत वाळतं.

खरं म्हणजे 'दूध येत नाही' म्हणणाऱ्या बहुतेक आयांना दूध असतं, बाळाने स्तन नीट धरलेला नसतो. पवईच्या आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या चित्रफिती तयार झाल्या, त्यांचा भर नेमका इथेच आहे. मराठीतही त्या आहेत. सेविकेने फोनवर लावाव्यात, थांबवत थांबवत आईला दाखवाव्यात. प्रशिक्षणात आधी बाहुली घेऊन हात बसवावा, मग खऱ्या आईजवळ बसावं.

आता पद्धत पाहा. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, पोटाला पोट लावून. पंजाचा आधार मानेला द्यायचा. डोकं मागून दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तन खालून धरून, वडापाव तोंडात घालताना दाबतो तसा, बाळाच्या ओठांच्या रेषेत थोडा चपटा करायचा. बोंड वरच्या ओठाला लावलं की बाळ मोठा आ करतं. त्या क्षणी बाळाला जवळ ओढायचं. आईने पुढे वाकायचं नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळसर भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतोय, गिळल्याचा आवाज येतोय, म्हणजे जमलं. आई कळवळत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवावं, पुन्हा लावावं. नुसतं बोंड चोखलं तर भेगा पडतात, आणि बाळ उपाशीच राहतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला गोठ्यातून ठाऊक आहे. बुजलेली गाय पान्हा चोरते. आईचंही तसंच. सासू, नणंद, शेजारीण घेरून 'पुरतंय का गं' विचारत बसल्या की पान्हा अडतो. सेविकेने आधी सासूशी बोलावं, सुनेशी मागाहून.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. दिवस-रात्रीत आठ-बारा वेळा पाजणं, पहिल्या आठवड्यानंतर किमान सहा वेळा लघवी आणि काट्यावर वजन पाहावं. सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यावं, पुढे रोज पंचवीस-तीस ग्रॅम वाढावं. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली तर वाट न पाहता दवाखाना.

डब्याबद्दल कायदाही आहे, १९९२ चा आणि २००३ साली कडक केलेला. पावडरीची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही, सेविकेला कंपनीची भेट घेता येत नाही. साधं पेनसुद्धा नाही! आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध मिळत नसेल तर दुसरी वाटही आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी काढली, आशियातली पहिली.

राहिली धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी आई. तिने हात धुऊन दूध हाताने काढावं आणि उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावं. मुंबईच्या उकाड्यात चार तासांच्या आत ते वाटी-चमच्याने पाजावं, बाटलीने नको. पाजताना गॅसवर तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. पहिल्या दोन दिवसांत जेमतेम वाटीचा तळ झाकेल एवढंच निघतं, हे सेविकेने आधीच सांगून ठेवावं.