वीज गेली, पडदा कुठे थांबेल?

किन्हवलीच्या परिसरात, शहापूर-मुरबाड भागात हिंडताना कोंबड्यांच्या लांबलचक शेड तुम्ही पाहिल्या असतील. बाजूची भिंत बुटकी, तिच्यावर जाळी आणि जाळीवर ताडपत्रीचा पडदा. पडदा खाली सोडला की ताजी हवा आत येते, उष्णता व अमोनिया वायू बाहेर जातात. वर ओढला की ऊब टिकते. पहिल्या आठवड्यातील पिल्लांना सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. मोठ्या कोंबड्यांना मात्र एवढी उष्णता सोसत नाही.

हा पडदा हँडल फिरवून हलवता येतो. तेच काम तापमान पाहून आपोआप व्हावयाचे असेल, तर यंत्राचा एक ‘हात’ हवा. त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तो निवडायचा कसा?

पहिला प्रश्न : जोर किती? समजा, पाइपासह पडद्याचे वस्तुमान २० किलोग्रॅम आहे. तो पेलण्यास २० × ९.८ = १९६ न्यूटन बल लागेल. दोर गुंडाळणाऱ्या रिळाची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर आघूर्ण १९६ × ०.०५, म्हणजे सुमारे १० न्यूटन-मीटर. घर्षण आणि वारा लक्षात घेऊन दुप्पट क्षमतेचे यंत्र घेणे बरे.

दुसरा प्रश्न : वेग किती? पडदा सावकाश हलला तरी चालते. म्हणून लहान मोटर व गिअर पुरतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : वीज गेली तर? वर्म गिअरची मोटर असेल, तर पडदा आहे तेथेच अडकतो. त्याचे वजन त्या गिअरला सहसा उलटे फिरवू शकत नाही. एप्रिलची दुपार, पडदे बंद, पंखेही थांबलेले! कोंबड्यांना घाम येत नाही. त्या धापा टाकू लागतात आणि थोड्याच वेळात दगावतात. म्हणून दोर विद्युतचुंबकाने धरलेल्या खिट्टीला अडकवतात. वीज गेली की चुंबकत्व जाते, खिट्टी सुटते आणि पडदा आपल्या वजनाने खाली येतो. गुरुत्वाकर्षणाला भारनियमन नसते!

मोठ्या इमारतींत याच्या उलट असते. तेथे हवेच्या नळातील आगरोधक झडप वीज नसतानाही स्प्रिंगच्या जोराने बंद व्हावी लागते. नाहीतर धूर मजल्यामजल्यांवर पसरेल. म्हणजे वीज गेल्यावर उघडायचे की मिटायचे, हे धोका कोणता आहे त्यावरून ठरते.

आता तुम्ही सांगा : जानेवारीची रात्र आहे, शेडमध्ये दोन दिवसांची पिल्ले आहेत आणि वीज गेली. पडदा पडावा का? नसेल, तर बॅटरी आणि द्विधातुपट्टी वापरून ही युक्ती कशी सुधाराल? वहीत आकृती काढा आणि शिक्षकांना दाखवा.