समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचे सांधे कसे मजबूत करतात? वेल्डिंग शिकणाऱ्यांनी जरूर वाचा

रत्नागिरी : आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकायचं आणि समुद्रातल्या तेलाच्या कामावर जायचं, हे स्वप्न आपल्या किनाऱ्यावरची अनेक मुलं बघतात. तिथे एका वेल्डवर किती जीव अवलंबून असतात, ते समजून घेऊया.

मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर पश्चिमेला ‘मुंबई हाय’ आहे. ‘सागर सम्राट’ने 1974 मध्ये तिथे तेल शोधलं, 1976 पासून उत्पादन सुरू झालं. तिथले प्लॅटफॉर्म पोलादी पाइपांच्या सांगाड्यावर उभे असतात. जाड उभ्या पाइपांना तिरके लहान पाइप वेल्ड केलेले असतात.

सांधाच का तुटतो?

पाइप आतून पोकळ असतो. लाटेने तिरका पाइप दाबला किंवा ओढला की मोठ्या पाइपची भिंत आत-बाहेर होते. सगळा ताण वेल्डच्या कडेला येतो. वर्षाला असे लाखो झटके. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच इथे होतं. आधी केसाएवढी चीर पडते, मग ती वाढत जाते.

27 मार्च 1980 रोजी नॉर्वेजवळच्या समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. 212 पैकी 123 जण गेले. चीर सुरू झाली होती एका लहानशा वेल्डपासून. एक उपकरण बसवायला आधाराच्या पाइपवर जोडलेल्या तुकड्याचा तो वेल्ड होता.

उपाय काय?

▪ नवीन बांधताना सांध्यापाशी मोठ्या पाइपचा तुकडा जास्त जाडीचा घेतात, किंवा आतून पोलादी कडी बसवतात.

▪ वेल्डची कड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करतात. खाच राहिली नाही की चीर लवकर धरत नाही.

▪ जुन्या सांध्यात पाइपमध्ये सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात. पोकळी भरली की भिंत वाकत नाही.

▪ किंवा बाहेरून दोन अर्धगोल तुकडे बोल्टने आवळून क्लॅम्प बसवतात. पाण्याखाली वेल्ड झटकन थंड होऊन ठिसूळ होऊ शकतो, म्हणून तिथे क्लॅम्प सोयीचा.

म्हणजे जादा वेल्ड मारला की जादा ताकद आली, असं नाही. प्रत्येक नवा वेल्ड ही चिरेला नवी जागा असते. म्हणून पोरांनो, भार घेणाऱ्या पाइपवर ‘छोटासा तुकडा तर जोडायचाय’ असं कुणी म्हणालं, तरी आधी इंजिनिअरला विचारा.