गिगाहर्ट्झ म्हणजेच वेग नव्हे

संगणक घेताना आपण आधी गिगाहर्ट्झचा आकडा पाहतो. पण तेवढा पुरत नाही. सोलापूरकराला हे यंत्रमागावरून चटकन कळेल. धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारतो, एवढ्यावरून दिवसभरात किती कापड निघेल हे ठरत नाही. पन्हा किती, माग किती, बाण्याच्या कांड्या वेळेवर मिळतात का, हेही पाहावे लागते. प्रोसेसरचेही तसेच. गिगाहर्ट्झ म्हणजे धोट्याच्या फेऱ्या, अशा एका फेरीत म्हणजे ठोक्यात उरकणारे काम म्हणजे पन्हा, कोअर म्हणजे माग आणि कॅश म्हणजे हाताशी ठेवलेल्या कांड्या.

२००४ चा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. २००६ चा कोअर २ ड्युओ २.४ गिगाहर्ट्झवर चालूनही त्याच्या पुढे गेला, आणि तोही कमी विजेत. नावातला मोठा आकडाही फसवतो. २०२२ चा आय३-१२१०० हा २०१३ च्या आय७-४७७० पेक्षा वेगवान आहे, कोअर दोघांतही चारच.

म्हणून जुना संगणक घेताना प्रोसेसरची पिढी विचारा. शक्य असेल तर आपले रोजचेच काम तुलनेतल्या दोन्ही यंत्रांवर करून घड्याळ लावा. तीच खरी तुलना.