कचेरीच्या उंबरठ्यावरील चित्रपट

सर्वकाळच्या आवडत्या चित्रपटांची यादी कोणी मागितली, म्हणजे रसिक मनुष्य प्रथम आपली विद्वत्ता पुढे करतो आणि आवड मागाहून येते. डी सिका, कुरोसावा, सत्यजित राय अशी नामावळी सिद्ध झाली, की तीत आपले स्वतःचे असे काय उरले, हे पाहण्याची त्यास फुरसत राहत नाही. माझ्या यादीची कसोटी मला ग्रंथांतून मिळाली नाही. ती महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्याने दिली. या मुलखात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या तळीयेसारख्या गावांत, माणसाचे निम्मे आयुष्य भाताच्या खाचरात आणि उरलेले दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाते: सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे, दाखल्यासाठी महाडच्या तहसील कचेरीत, आणि दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे मुंबईच्या इस्पितळात. म्हणून ज्या चित्रपटांत साधी रयत सत्तेच्या दारात उभी राहते आणि दिग्दर्शक तिचे ते उभे राहणे घाई न करता पाहतो, तेच मला प्रिय आहेत.

अशा गावांत सिनेमा पुष्कळदा पडद्याच्या आधी चाकरमान्याच्या तोंडून पोचे. गिरणगावात पाळ्या करणारा मनुष्य लालबागच्या भारतमातेत पाहिलेले चित्र गणपतीला किंवा शिमग्याला गावी आल्यावर ओटीवर बसून सांगे, आणि त्या कथनात मूळ पटकथेची किती सुधारणा होई, याचा हिशेब कोणी मागत नसे.

यादीत अग्रमान अर्थातच ‘संत तुकाराम’ला. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ मध्ये काढलेल्या या चित्राची व्हेनिसच्या महोत्सवाने दुसऱ्याच वर्षी जगातील उत्कृष्ट चित्रांत गणना केली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याचे खरे वैभव वैकुंठाच्या विमानात नाही, ते आवलीच्या जिभेवर आहे. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम देवाच्या नामात रंगलेला असताना पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी ही बाई, पोर आजारी पडले असता हाती वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. सर्वांत थोर दरबारात, सर्वांत थोर धन्यापुढे, एवढ्या निर्भयपणे गाऱ्हाणे मांडणारी फिर्यादी मराठी पडद्यावर पुन्हा झाली असेल, असे मला वाटत नाही. आणि गौरीबाईंनी ती अशी वठवली आहे, की अभिनय पाहत आहोत हे भानच राहू नये. याच चित्रासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला. कवीला याहून मोठी बिदागी कोणती?

‘श्यामची आई’चे नाव इतक्या उशिरा कसे, असे कोणी विचारील. आचार्य अत्र्यांच्या या १९५३ च्या चित्राला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, आणि ज्या साने गुरुजींची ती कथा त्यांचे पालगड आमच्या मुलखापासून फार दूर नाही. तरीही त्यातील अश्रू मला थोडे स्वस्त वाटतात, हे सांगितलेले बरे. मात्र सावकाराचे तगादे दारात येऊन घराची अब्रू चव्हाट्यावर मांडू लागतात, तेव्हा माझी ही तक्रार निमूटपणे मागे घ्यावी लागते.

त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा सुवर्णकमळ मिळवून देणारा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) मात्र मी निःशंकपणे तुकारामाशेजारी बसवतो. कोकणातील आजोबा नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार, एवढीच कथा. अरुण नलावडे यांनी त्या आजोबांचा जो देह उभा केला आहे, तो आमच्याकडील प्रत्येक घराने पाहिलेला आहे: फलक वाचता न आल्याने भिंतीला टेकून राहणारा, डॉक्टर बोलू लागताच हात जोडणारा आणि त्याचे अर्धे बोलणे न कळूनही मान डोलावणारा. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घेण्याचा हक्क आपल्यालाही आहे, याची जाणीव त्या मनुष्यात जशी सावकाश उगवत जाते, तशी ती उगवू देण्याइतका धीर दिग्दर्शकापाशी आहे. आणि शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला जग डोळे भरून दाखवावे म्हणून हा भिडस्त म्हातारा रुग्णालयाची परवानगी न घेताच त्याला बाहेर नेतो, तेव्हा तो नियमभंग मला एखाद्या बंडाहून मोठा वाटतो.

इतिहासपटांविषयी थोडक्यात. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, त्यामुळे बाबूराव पेंटरांच्या १९२३ च्या मूक ‘सिंहगड’पासून २०२० च्या ‘तान्हाजी’पर्यंत प्रत्येक चित्राविषयी या भागात आपुलकी असणारच. पण लढाई पाहताना मन उचंबळते आणि घरी येईतो निवते, असा माझा अनुभव आहे. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रातील महाडचा प्रसंग तसा निवत नाही. चित्र ठिकठिकाणी पाठ्यपुस्तकासारखे चालते खरे. तथापि मामुट्टी यांचे बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरू लागतात, तेव्हा पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की २० मार्च १९२७ च्या त्या दिवशी कायदा त्यांच्याच बाजूला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले होते, आणि तरीही ओंजळभर पाण्यासाठी हजारोंना चालत यावे लागले. हुकूम आणि अंमल यांच्यामधील अंतर इतके स्पष्ट दाखवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

तेच अंतर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) तारखांनी मोजले आहे. वीरा साथीदार यांनी रंगवलेला वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे आरोपीच्या जागी उभा असतो आणि न्यायासन पुढची तारीख देते. कोणी दुष्ट नाही, कोणी ओरडत नाही, आणि मनुष्य मात्र झिजत जातो. जब्बार पटेलांच्याच ‘सामना’त निळू फुले यांचा साखरसम्राट निदान समोर दिसतो तरी, आणि डॉ. लागूंच्या मास्तरांना आपला प्रश्न कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. ‘कोर्ट’मध्ये जाब विचारावा असा चेहराच सापडत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर वाचलेल्यांच्या वाट्याला पंचनामे, वारसाचे दाखले, तात्पुरती कंटेनरची घरे आणि पुनर्वसनाची प्रतीक्षा आली. कुरोसावाचा ‘इकिरु’ (१९५२) त्यानंतर पाहिला, तो मला पूर्वीसारखा दिसला नाही. तुंबलेल्या डबक्याच्या जागी बाग मागणाऱ्या बायका एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरवल्या जातात, ते दृश्य पूर्वी मी विनोद म्हणून पाहत असे. पोटाच्या कर्करोगाने मरणाच्या दारी आलेला कारकुनी पेशाचा वातानाबे टेबलामागून उठतो आणि ती बाग स्वतः पुरी करून घेतो; त्याच्या मृत्यूनंतर सहकारी त्याचा कित्ता गिरवण्याच्या शपथा घेतात आणि कामावर रुजू होताच पुन्हा कागद पुढच्या खात्याकडे सरकवू लागतात. रयतेचा चित्रपट टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काढता येतो, हे मला येथे कळले.

एक नाव राहिले, आणि ते घेतल्याने माझ्या गांभीर्याला बाध येत असेल तर येवो. सचिन यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मी केव्हाही, कोठूनही पाहू शकतो. तो माझ्या कसोटीत बसत नाही, असे मित्र म्हणतात. का बसत नाही? चार माणसांना पुण्यात निवारा हवा आहे, घरमालकीण जोडप्यांखेरीज कोणास खोली देत नाही, आणि अट पुरी करण्यासाठी दोघांना लुगडी नेसावी लागतात. अटीपुढे माणसाने काय काय करावे, याची याहून पक्की नोंद कोणत्या दप्तरात आहे, ते त्यांनी दाखवावे.