बहिष्कृतांनी असगर अली वाचावेत

इस्लाम तलवारीच्या जोरावर पसरला असे ओरडणारे आणि इस्लाम म्हणजे शांती असे सभेत सांगून घरी जाणारे, दोघेही बहुधा कुराण उघडत नाहीत. दुसऱ्या सुरेची 256 वी आयत धर्माच्या बाबतीत सक्तीला मनाई करते. 109 वी सुरा ज्याचा धर्म त्याच्यापाशी ठेवून वादच मिटवते. डॉ. असगर अली इंजिनिअर (1939-2013) आयुष्यभर हेच सांगत राहिले. मुंबई महापालिकेत अभियंता राहिलेला हा माणूस दंगल झाली की तेथे जाऊन तिची कारणे शोधत असे.

पण सक्तीला मनाई ती फक्त परधर्मीयांपुरती काय? स्वतःच्या दाऊदी बोहरा समाजात त्यांनी धर्मगुरूंच्या सत्तेला प्रश्न विचारला आणि त्यांच्या वाट्याला बहिष्कार आला. बहिष्कृताला जमातीच्या मशिदीत प्रवेश नाही, मेल्यावर कब्रस्तानात जागा नाही. हे दुःख आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगायला नको!

मुंबई सरकारने 1949 साली अशा बहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. त्याला सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी आव्हान दिले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. अनुच्छेद 26 खाली धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, असे बहुमत म्हणाले. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे राहिले. त्यांनी या बहिष्काराचा संबंध थेट अनुच्छेद 17 शी, म्हणजे अस्पृश्यतेशी जोडला.

गिरगावातून चालत जाण्याइतक्या अंतरावर, भेंडी बाजारात, याच सय्यदनांचा मकबरा आहे. रौदत ताहेरा. आतल्या भिंतींवर सबंध कुराण सोनेरी अक्षरांत कोरले आहे. म्हणजे ती 256 वी आयतही तेथेच आहे.

'तो मुसलमानांचा अंतर्गत मामला' असे आपल्यातलेही काही म्हणतात. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्याने तो हिंदूंचा अंतर्गत मामला मानला नाही.

2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1962 चा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. चळवळीतल्या वकिलांनी सिन्हा यांचे अल्पमत काढून वाचावे. अनुच्छेद 17 वर बोलण्याचा आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला आहे?